गुडघ्याचं लिगामेंट आणि ग्राउंडवर परतायची घाई

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या चार जण गुडघ्याला पट्टा बांधून फिरत आहेत. दोघं कबड्डीवाले, एक फुटबॉलवाला आणि एक तर गॅदरिंगच्या डान्स प्रॅक्टिसमध्ये पाय अडकून पडलेला. त्यातल्या तिघांचं ऑपरेशन झालेलं आहे. संध्याकाळी मेसच्या रांगेत या तिघांना एकच प्रश्न विचारला जातो, "मग, ग्राउंडवर कधी?" हा प्रश्न मलाही वर्षभर ऐकावा लागला. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, जे फिजिओ मॅडमनी शिकवलं आणि जे स्वतःच्या पायावर करून पाहिलं, ते सगळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं गाव केडगाव, तालुका दौंड. केडगाव म्हटलं की बाहेरच्यांना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं, नाहीतर उसाची गुऱ्हाळं. आम्हाला मात्र कबड्डी. थर्ड इयरला असताना डिसेंबरमध्ये एका सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे वळताना माझा उजवा गुडघा गेला. कुणी पकडलंसुद्धा नव्हतं. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटल्याचं दिसलं आणि जानेवारीच्या अखेरीस पुण्यात ऑपरेशन झालं. पुढे जे लिहितोय ते समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या गुडघ्याचा निर्णय तुमचे सर्जन आणि फिजिओच घेतील.

गुडघ्यात नेमकं काय तुटतं?

गावाकडे गुडघा दुखावला की "वाटी सरकली" असं म्हणतात आणि चोळायला घेऊन जातात. बहुतेक वेळा वाटीचा काही संबंध नसतो. गुडघ्यात चार मुख्य लिगामेंट असतात. दोन बाजूंना दोन, आणि आत मधोमध एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. या फुलीतलं पुढचं लिगामेंट म्हणजे एसीएल, अर्थात अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणं, ही त्याची दोन कामं. सरळ चालताना त्याच्यावर फार ताण येत नाही. धावता धावता एकदम थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, इथे त्याची खरी परीक्षा असते. आता कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. बोनस रेषेकडे झेप, लगेच ब्रेक, गर्रकन वळण आणि मागे कुणीतरी घोट्याला लोंबकळलेला. यातलं प्रत्येक काम एसीएलवर ताण टाकणारं आहे.

एसीएल जाताना बऱ्याच जणांना आत 'टक' असा आवाज जाणवतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. अशा वेळी चोळणं, ओढणं, झटका देऊन 'बसवणं' हे प्रकार करू नका. बर्फ लावा, पायाला आधार द्या आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आत हाडांच्या मधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली असू शकते. चोळल्याने ती आणखी बिघडते. मुलींच्या हॉस्टेलनेही हे वाचावं, कारण एकाच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते.

एसीएल फाटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. ज्यांना वळणं-थांबणं असलेले खेळ खेळायचे नाहीत आणि ज्यांचा गुडघा व्यायामाने स्थिर होतो, अशा काही जणांचं ऑपरेशनशिवाय भागतं. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल पुन्हा खेळायचं असेल तर मात्र बहुधा ऑपरेशन सुचवलं जातं.

नवं लिगामेंट म्हणजे नवा बोल्ट नव्हे

हा भाग आपल्या लोकांसाठी खास. आपल्याला वाटतं, पार्ट तुटला, नवा बसवला, मशीन चालू. गुडघ्याचं गणित तसं नाही.

फाटलेलं एसीएल सहसा शिवून जुळत नाही. म्हणून सर्जन आपल्याच शरीरातली दुसरी दोरी घेतात. मांडीच्या मागची कंडरा, नाहीतर वाटीखालची किंवा वाटीवरची कंडरा. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात ड्रिलने बोगदे पाडून ही दोरी त्यातून ओवतात आणि स्क्रूने किंवा छोट्या बटणाने घट्ट करतात. या दोरीला ग्राफ्ट म्हणतात.

आता आकडे बघा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या वू आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत तरुण माणसाचं मूळ एसीएल सरासरी २१६० न्यूटनला तुटलं. म्हणजे सुमारे २२० किलो वजन टांगल्यावर. मांडीमागच्या कंडरेच्या चार पदरी ग्राफ्टची ताकद प्रयोगशाळेत याच्या जवळजवळ दुप्पट भरते. मग ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो मूळच्यापेक्षा भक्कम असायला हवा ना? कागदावर हो. पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण जोडाची. दोरी कितीही मजबूत असली तरी ती हाडाला धरून ठेवणारी पकड कच्ची असते. बोगद्यात हाड आणि कंडरा एकजीव व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. साखळी तुटते ती सगळ्यात कच्च्या कडीशी, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतोय.

दुसरी अडचण अजून मोठी. ग्राफ्ट जागेवरून काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातल्या पेशी मरतात. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने तंतू मोडतात, नवे विणले जातात. हे मोडणं-विणणं चालू असताना ग्राफ्ट आधीपेक्षा कमजोर होतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो. त्यानंतर हळूहळू ताकद चढते आणि ते काम वर्षभर, काही जणांत त्याहूनही जास्त काळ चालतं.

आता गंमत पाहा. नेमक्या याच काळात, दीड-दोन महिन्यांनी, सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, काठी सुटलेली असते. आपल्याला वाटतं, झालो बरा. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा या दुखापतीतला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दुखणं आणि ग्राफ्टची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण हे एक वाक्य लक्षात ठेवा.

केडगावातले पहिले दिवस आणि पुढचे टप्पे

ऑपरेशननंतर पहिले सहा आठवडे मी घरी होतो. मशिनरी काही नव्हती. एक खाट, टॉवेलची गुंडाळी, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली एक किलो वाळू आणि आजीची देखरेख. आठवड्यातून एकदा केडगाव स्टेशनवरून गाडीने हडपसरला उतरून फिजिओ मॅडमकडे जायचो. गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून अण्णा माझ्यापुढे उभे राहायचे.

टप्पे साधारण असे असतात. ऑपरेशन कोणतं झालं, मेनिस्कस शिवली आहे का, यावर त्यात फरक पडतो.

१) पहिले दोन आठवडे: सूज कमी करणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली सोडायचा, मांडी आवळायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. सगळं लक्ष वाकवण्यावर असतं, पण सरळ होणं जास्त महत्त्वाचं. गुडघा दोन-चार अंश वाकडा राहिला तर चाल बिघडते आणि मांडीचा स्नायू नीट जागा होत नाही. उशी गुडघ्याखाली घेऊन झोपायचा मोह होतो, तेव्हा आजी ती ओढून काढायची.

२) सहा आठवड्यांपर्यंत: लंगडत न चालणं, हळूहळू ९० अंश आणि पुढे वाकवणं, जागेवरची सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक. इथे आपल्याकडची खास अडचण म्हणजे उकिडवं बसायचं शौचालय आणि मांडी घालून जेवायला बसणं. सुरुवातीचे काही महिने दोन्ही बंद. आम्ही कमोडची खुर्ची भाड्याने आणली होती. लाजायचं काही कारण नाही.

३) तीन महिन्यांपर्यंत: ताकद आणि तोल. एका पायावर उभं राहणं, पायरी चढ-उतार, पोटरी आणि मांडीमागचे व्यायाम. मांडीमागची कंडरा काढली असेल तर ते स्नायू बेताने ताणायचे. शेतातली ढेकळं, ओला बांध, शेणाने सारवलेलं अंगण ही या काळातली धोक्याची ठिकाणं. उजवा पाय असेल तर गाडीला किक मारणं बंद.

४) तीन-चार महिन्यांनंतर: सरळ रेषेत धावणं. तेही कॅलेंडर पाहून नाही. सूज नसावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ७० टक्के असावी. पहिल्या दिवशी मी एक मिनिट धावायचो, दोन मिनिटं चालायचो, असं आठ वेळा. दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला तर समजायचं, काल जास्त झालं.

५) पाच-सहा महिन्यांपासून: दोन पायांवर उड्या, मग एका पायावर, मग तिरकं धावणं, मग वळणं. उडी किती उंच जाते यापेक्षा उतरता कसे हे बघायचं. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलतो का, आवाज धप्पकन येतो का? मोबाइलवर समोरून शूटिंग करा, स्वतःलाच दिसेल.

६) नऊ महिन्यांपासून पुढे: चाचण्या पास झाल्या तरच खेळ.

नऊ महिने हा आकडा आला कुठून?

हा आकडा कुणी पंचांग पाहून ठरवलेला नाही. डेलावेअर आणि ऑस्लो इथल्या संशोधकांनी ऑपरेशन झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत कमी. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक एक महिना थांबल्याने पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. परतण्याच्या चाचण्या पास न होताच खेळायला गेलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास होऊन गेलेल्यांपैकी फक्त ५.६ टक्के जणांचा.

वय हाही मुद्दा आहे. त्याच वर्षीच्या एका एकत्रित अभ्यासात २५ वर्षांखालचे जे खेळाडू मैदानात परतले, त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा फाटलं, त्याच पायाचं किंवा चांगल्या पायाचं. म्हणजे जवळजवळ चारात एक. आपलं सगळं हॉस्टेल याच वयोगटात मोडतं. तरुण आहे म्हणून लवकर भरेल, असं आपण म्हणतो. खरं तर तरुण आहे म्हणून तो जास्त वेगाने, जास्त जोखमीचं खेळतो आणि म्हणूनच त्याने जास्त जपायला हवं.

"स्मृती पाच महिन्यांत आली की!"

हे वाक्य मला निदान दहा जणांनी ऐकवलं असेल. गोष्ट खरी आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाचं एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना फाटलं. त्यापायी विश्वचषकाची पात्रता फेरी आणि दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिका तिला सोडावी लागली. पाच महिन्यांच्या मेहनतीनंतर ती थेट विश्वचषकात उतरली. २४ जून २०१७ ला इंग्लंडविरुद्ध डर्बीला ९० आणि २९ जूनला वेस्ट इंडिजविरुद्ध टाँटनला नाबाद १०६. कुणालाही अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि मलाही वाटतो.

पण तिच्यावरून आपलं वेळापत्रक ठरवता येत नाही, याची तीन कारणं. एक, खेळ वेगळा. सलामीच्या फलंदाजाला धावावं, वळावं लागतं, पण तिच्या घोट्याला कुणी लोंबकळत नाही आणि सात जण मिळून तिला खाली पाडत नाहीत. दोन, राष्ट्रीय खेळाडूचं पूर्ण दिवसाचं काम म्हणजे बरं होणं. आपलं तसं नाही. आपल्याला लेक्चर, सबमिशन, ओरल सांभाळून संध्याकाळी उरलेला तास द्यायचा असतो. तीन, जी परत आली तिची गोष्ट पेपरात येते. घाईत परतून ज्यांचा गुडघा कायमचा गेला, असे किती तरी खेळाडू तालुक्या-तालुक्यात असतात, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या बाजूची उदाहरणंही बघा. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ ला झाला. मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. तो आयपीएलमध्ये परतला २३ मार्च २०२४ ला, म्हणजे जवळजवळ पंधरा महिन्यांनी. तीन महिन्यांनंतर टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो यष्टिरक्षक होता. यष्टीमागे बैठका मारायच्या म्हणजे गुडघ्याचंच काम. थांबल्याने त्याचं करिअर संपलं नाही.

आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला केला. ११ जुलै २०२५ ला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्यावरच्या उडीत तो पडला. एसीएल आणि मेनिस्कस दोन्हींना इजा झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. स्टीपलचेसच्या एका शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. म्हणजे ३५ वेळा झेप आणि ३५ वेळा उतरणं. जागतिक स्पर्धा सोडायला लागणं म्हणजे काय, हे आपल्या झोनलवरून थोडंफार कळतं.

झोनलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या सप्टेंबरमध्ये आमची झोनल होती. माझा आठवा महिना चालू होता. शेवटचं वर्ष, टीममध्ये एक चढाईपटू कमी. कॅप्टन म्हणाला, "फक्त पाच मिनिटं ये, बोनस काढ आणि बाहेर जा." गुडघा अजिबात दुखत नव्हता. पण उडीच्या चाचणीत मी ८४ टक्क्यांवर होतो. मी स्कोअरशीट घेऊन बसलो. क्वार्टर फायनलला आपण तीन गुणांनी हरलो. "तू असतास तर" हे वाक्य त्या रात्री बसमध्ये आणि नंतर कॅन्टीनमध्येही ऐकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्यापुरती ती कॉलेजची शेवटची झोनल होती आणि ती परत येणार नाही. पण बोनस रेषेवरून मागे वळताना ग्राफ्टला हे माहीत नसतं की आपण पाचच मिनिटांसाठी आलोय. तो तुटायला एक सेकंद पुरतो.

चाचण्या: हॉस्टेलवर करता येतील अशा

फिजिओकडे डायनॅमोमीटरवर मांडीची ताकद मोजतात. ती शक्यतो मोजून घ्याच. त्याशिवाय उडीच्या चार चाचण्या असतात: एका पायावर एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या अलीकडे-पलीकडे तीन उड्या, आणि एका पायावर सहा मीटर अंतर किती सेकंदांत. या फिजिओने हो म्हटल्यावरच करायच्या. लागतं काय? चुन्याची रेघ, मेजर टेप आणि स्टॉपवॉच.

सूत्र सोपं आहे:

ऑपरेशनचा पाय ÷ चांगला पाय × १०० = टक्केवारी

वेळेच्या चाचणीत कमी सेकंद म्हणजे चांगलं, म्हणून तिथे भागाकार उलटा. सगळ्या चाचण्यांत किमान ९० टक्के हवेत.

माझे आकडे देतो. सहाव्या महिन्यात एका पायाची लांब उडी: चांगला पाय १६० सेंटिमीटर, ऑपरेशनचा १२४. म्हणजे ७७.५ टक्के. नवव्या महिन्याच्या शेवटी १६५ आणि १५२, म्हणजे ९२ टक्के.

यात एक खोच आहे, ती लक्षात घ्या. चांगल्या पायाची उडीही तीन महिन्यांत पाच सेंटिमीटर वाढली. कारण आधी घरी बसून तोही कमजोर झाला होता. आपण कमजोर पायाशी तुलना केली की टक्केवारी फुगून येते. सरासरी घेताना रेफरन्सच चुकीचा असावा तसं हे. म्हणून व्यायाम दोन्ही पायांना द्या आणि टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष सेंटिमीटरही लिहून ठेवा. दमल्यावरही चाचणी करून बघा. सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाय ताजा नसतो.

तिसरी गोष्ट मनाची. पायाने तयार असलेला खेळाडू मनाने नसेल तर तो अर्धवट पाऊल टाकतो, पाय चोरतो आणि चुकीच्या ठिकाणी वजन देतो. भीती वाटणं हा भित्रेपणा नाही. ती फिजिओला सांगा. त्यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरतात.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा अँड गेट आहे. इनपुट चार: वेळ, चाचणी, मन आणि डॉक्टरांचा होकार. चारही 'वन' असतील तरच आउटपुट 'वन'. नऊ महिने झाले पण चाचणी नापास, तर नाही. सहाव्या महिन्यातच चाचणी पास, तरीही नाही, कारण ग्राफ्ट आतून अजून विणला जातोय. आपल्यातले बरेच जण याला ऑर गेट समजतात, तिथेच घोटाळा होतो.

परवानगी मिळाली, आता थेट सामना?

नाही. मी पुढच्या पायऱ्या घेतल्या. पहिले दोन आठवडे एकट्याने चढाईच्या हालचाली, कुणीही समोर नाही. मग बचावपटू समोर, पण स्पर्श नाही. मग एकाने हळू पकड, तीही आधी सांगून. मग घोट्याची पकड, मॅटवर. मग दहा मिनिटांचा सराव सामना. पहिला पूर्ण सामना खेळलो तो साडेदहाव्या महिन्यात, डिसेंबरमध्ये. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघायचा. सूज किंवा दुखणं आलं तर एक पायरी खाली.

आणखी काही गोष्टी:

– वॉर्मअप म्हणजे दोन राउंड मारणं नव्हे. फुटबॉलसाठी तयार केलेला 'फिफा ११ प्लस' हा साधारण २० मिनिटांचा कार्यक्रम आहे. धावणं, ताकद, तोल, उडीवरून नीट उतरणं, सगळं त्यात आहे. ज्यांना दुखापत झालेली नाही त्यांनीही तो करावा.

– पट्टा म्हणजे लायसन्स नव्हे. पट्ट्याने धीर येतो, पण कमजोर मांडीची भरपाई तो करत नाही.

– दुखणं दाबायला गोळी घेऊन खेळू नका. दुखणं ही गुडघ्याने दिलेली सूचना असते, तीच बंद करून गाडी कशी चालवणार?

– परतल्यावरही आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम चालू ठेवा.

– पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, गुडघा अडकून बसला किंवा पुन्हा पुन्हा निसटतोय असं वाटलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

रूममेट, सर आणि मॅडम यांच्यासाठी

बरं होणं एकट्याचं काम नाही. मला तळमजल्यावरची खोली मिळाली, प्रॅक्टिकलला बसायला स्टूल मिळालं आणि रूममेटने दोन महिने मेसचं ताट वर-खाली न करता खोलीत आणून दिलं. या छोट्या गोष्टी नसत्या तर व्यायामाला अंगात ताकदच उरली नसती. रेक्टर सरांना विनंती, की अशा मुलांना जिना आणि उकिडव्या बैठकीचं शौचालय टाळता येईल अशी खोली अर्ज-विनंत्यांशिवाय मिळावी. जिमखान्याच्या सरांना विनंती, की ऑपरेशन झालेल्या खेळाडूला टीममध्ये घेताना फिजिओचं चाचणीपत्र मागावं. खेळाडू स्वतःहून "नाही" म्हणायला कचरतो. नियमाने नाही म्हटलं की त्याच्यावरचं दडपण उतरतं.

आणि मित्रांनो, पट्टा बांधलेला कुणी मेसच्या रांगेत भेटला तर "ग्राउंडवर कधी?" असं विचारू नका. "किती टक्के झाले?" असं विचारा. त्याने ८४ सांगितले तर म्हणा, "छान, अजून सहा." आणि संध्याकाळी मेजर टेप धरायला त्याच्याबरोबर जा.